घरच्या एस्प्रेसो मशीनमधले बदल: आधी काय, नंतर काय (गोव्याचं पाणी, हवा आणि वीज धरून)

मांडवीकाठ (पणजी)

एस्प्रेसो मशीनमध्ये काय बदल करावेत असे प्रश्न व्यक्तिगत निरोपांतून वरचेवर येतात, म्हणून सगळं एका धाग्यात आणतेय. माझ्याकडे गॅजिया क्लासिक आहे, २०१९ नंतरचं मॉडेल. हे मशीन १९९१ पासून बाजारात आहे आणि उघडून दुरुस्त करता येईल असंच बांधलेलं आहे. वरचे दोन स्क्रू काढले की सगळं समोर: जेमतेम १०० मिलीचा बॉयलर, व्हायब्रेशन पंप, तीनतोंडी सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारी-मिटणारी झडप), दोन थर्मोस्टॅट आणि प्रेशर जास्त झालं की जादा पाणी टाकीत परत सोडणारा ओपीव्ही. पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरून मशीनला अडकवायचा दांडा, ५८ मिमीचा, कॅफेतल्या मोठ्या मशीनच्याच मापाचा.

इंटरनेटवर या मशीनच्या बदलांच्या याद्या भरपूर आहेत. बहुतेकांची सुरुवात पीआयडीपासून (तापमान मोजून हीटर आपोआप सांभाळणारा कंट्रोलर) होते, कारण तो दिसायला छान, आकडा दाखवतो. माझं मत वेगळं आहे. गोव्यात बसून हे मशीन चालवायचं तर क्रम असा धरावा: पाणी, अर्थिंग, ग्राइंडर, बास्केट (पोर्टाफिल्टरमधली कॉफी भरायची जाळी), मग ओपीव्हीची स्प्रिंग आणि सगळ्यात शेवटी पीआयडी. पहिल्या दोन गोष्टी त्या याद्यांत नसतातच, कारण त्या लिहिणाऱ्यांच्या घरी भिंतीतला प्लग नीट असतो आणि पाण्याचा प्रश्न आपल्या उलटा असतो. त्यांच्याकडे क्षार जास्त, आपल्याकडे कमी.

ओपीव्हीबद्दल मात्र आधी लिहिते, कारण चव सगळ्यात स्वस्तात तिथेच बदलते. खोक्यावर "१५ बार" मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तो पंपाचा कमाल आकडा झाला. एस्प्रेसोला एवढा दाब नको असतो. १९६१ साली फाएमाचं ई६१ मशीन आलं, त्यात विजेचा पंप ९ बारने पाणी ढकलायचा आणि तेव्हापासून ९ हाच आकडा रूढ झाला. माझ्या मॉडेलच्या ओपीव्हीत कारखान्यातून कडक स्प्रिंग येते. तिच्या जागी ९ बारची स्प्रिंग बसवली की कॉफीच्या थरावर अकारण जोर पडत नाही, पाणी एका जागी भोक पाडून निसटत नाही. जुन्या मॉडेलमध्ये स्प्रिंगही बदलावी लागत नाही, ओपीव्हीचाच स्क्रू फिरवता येतो.

इथे कोणी कोणते बदल केलेत आणि कोणत्या क्रमाने, ते वाचायला आवडेल.

डिचोलीकर

छान धागा, मांडवीताई. ओपीव्हीबद्दल एक भर घालतो.

प्रेशर मोजायला पोर्टाफिल्टरला लावायचा गेज मिळतो. तो लावून पंप चालू केला की पाणी कुठेच वाहत नाही, म्हणजे आपण बंद दाब मोजतो. शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, निघताना पाणी वाहत असतं, तेव्हा दाब त्याहून थोडा कमी भरतो. म्हणून गेजवर १० च्या आसपास आलं तर प्रत्यक्षात ९ च्या जवळ आहात. गेजवर बरोब्बर ९ आणायचा हट्ट नको.

दुसरी गोष्ट, स्प्रिंग बदलल्यावर पहिला शॉट पूर्वीच्याच दळणावर काढून "काहीच फरक नाही" असं ठरवू नका. व्हायब्रेशन पंपात दाब कमी असेल तर पाण्याचा वेग वाढतो, दाब वाढला की वेग घटतो. त्यामुळे ग्राइंडर पुन्हा जुळवावा लागतो. १८ ग्रॅम कॉफी, ३६ ग्रॅम शॉट, २५ ते ३० सेकंद हे प्रमाण समोर ठेवून दळण एकेक पायरी सरकवा.

साळावली (मडगाव)

वाचतेय. माझ्याकडे डेलॉन्गीचं डेडिका आहे, ५१ मिमीवालं. क्रेमा (वरचा सोनेरी साय-थर) भरपूर येतो, पण चव पातळ आणि कडवट. ओपीव्ही, पीआयडी वगैरे माझ्या आवाक्यातलं वाटत नाही. त्याआधी काही करता येईल का?

मांडवीकाठ (पणजी)

साळावलीबाय, करता येईल आणि मशीनला पाना न लावता.

डेडिकाबरोबर येणारी बास्केट दुहेरी तळाची असते. आतल्या तळाला नेहमीसारखी भोकं, बाहेरच्याला एकच बारीक छिद्र. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, कॉफीच्या थरामुळे नाही. आपल्याला क्रेमा वाटतो तो बराचसा फेस असतो. त्यामुळे दुकानातून दळून आणलेल्या पावडरीवरही "क्रेमा" येतो आणि चव मात्र येत नाही. ५१ मिमीची एकेरी तळाची बास्केट घ्या, म्हणजे दाब कॉफीला स्वतः धरावा लागेल.

पण एकेरी बास्केटला ग्राइंडर हवाच, बारीक बारीक फरकाने सरकवता येणारा. नाहीतर पाणी नळासारखं धो धो पडेल. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर ते पूर्ण ग्राइंडरवर घाला. हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडरही एस्प्रेसोला पुरतो, फक्त मनगट थोडं दुखतं. शिवाय डेडिकात कॉफीचं तापमान तीन पायऱ्यांत बदलायची सोय मुळातच आहे, सेटिंगमध्ये जाऊन बघा. हलक्या भाजणीला वरची पायरी, गडद भाजणीला खालची.

जांभ्याची_वाट (सांगे)

पाण्यावर कोणीतरी सविस्तर लिहायला हवं होतं, मीच लिहितो. माझा रोजचा संबंध पाण्याच्या चाचण्यांशी आहे.

पणजी, तिसवाडी आणि फोंड्याला ओपाचं पाणी, म्हणजे खांडेपार नदीचं. बार्देश आणि डिचोलीकडे अस्नोडा. आम्हा दक्षिणेकडच्यांना बहुतेक साळावली धरणाचं. ही सगळी जांभ्या दगडावरून, पश्चिम घाटाच्या उतारावरून आलेली पाणी आहेत आणि मऊ आहेत. चुन्याचे क्षार कमी, त्यामुळे बॉयलरमध्ये पांढरा थर साचायचं प्रमाण पुण्या-सोलापूरच्या बोअरच्या मानाने फारच कमी. परदेशी सल्ला वाचून दर दोन महिन्यांनी थर काढायला (डीस्केल) सायट्रिक आम्ल ओतायची इथे गरज नाही. ॲल्युमिनियमच्या बॉयलरला ते वारंवारचं आम्लच जास्त खातं.

विहिरीचं वेगळं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतंच, पण बऱ्याचदा किंचित आम्लीही असतं. चहाला गोड लागतं, धातूला मात्र ते चावतं. किनारपट्टीच्या विहिरीत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये पातळी खाली गेली की खारटपणा शिरतो. त्यातलं क्लोराइड स्टील आणि पितळ दोन्हींना सुया टोचल्यासारखे खड्डे पाडतं. हे नुकसान डीस्केलने भरून येत नाही. त्या दिवसांत टँकरचं पाणी घेत असाल तर ते कुठलं आहे हे कळायला मार्ग नसतो, ते मशीनमध्ये घालूच नका.

आता आरओ. बरेच जण सुरक्षित म्हणून थेट आरओचं पाणी घालतात. थर जमत नाही हे खरं, पण त्यात आम्ल शोषून घेणारं काही उरत नाही. चव आंबट-तुरट येते आणि धातूला संरक्षण नाही. उपाय सोपा आहे. १० ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट १ लिटर आरओ पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. त्यातले १० मिली मशीनमध्ये घालायच्या दर लिटर आरओ पाण्यात घाला. झाले १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने साधारण ५० ची क्षारता. कॅल्शियम नाही, त्यामुळे थर नाही. बायकार्बोनेट आहे, त्यामुळे आम्लाला लगाम. खाण्याच्या दर्जाचंच घ्या. पोटॅशियमचं नाही मिळालं तर खायचा सोडा ८.४ ग्रॅम, बाकी कृती तीच. घरात कोणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल आणि पोटॅशियमवर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारून.

नळाचं पाणी वापरायचं असेल तर मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात केएच (क्षारता) आणि जीएच (कडकपणा) मोजायचे थेंब मिळतात. एकदा पावसाळ्यात, एकदा मेमध्ये मोजा. टीडीएसच्या पेनवर विसंबू नका. एकूण विरघळलेलं किती हे तो दाखवतो, काय विरघळलंय ते नाही. २०० चा आकडा मिठाचाही असू शकतो.

डिचोलीकर

प्रिंट काढून टाकीवर चिकटवावा असा प्रतिसाद. अस्नोड्याच्या पाण्याचं माझ्या घरचं मोजमापही असंच मऊ आहे.

तारजोड (फोंडा)

मी वायरमन आहे. फोंडा-कुर्टी भागात घरगुती कामं करतो. कॉफीचा शौक नंतर लागला. मांडवीताईंनी अर्थिंग दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं म्हणून लिहायला बसलो. हे कोणी वाचून सोडून देऊ नका.

बरीच मशीनं परदेशातून, गल्फमधून किंवा नातेवाइकाच्या बॅगेतून येतात. त्यातल्या अनेकांना युरोपचा गोल दोन पिनांचा शुको प्लग असतो. तो आपल्या गोल पिनांच्या सॉकेटमध्ये जातो आणि मशीन चालू होतं. पण शुकोचं अर्थ कनेक्शन पिनेत नसतं, बाजूच्या पट्ट्यांत असतं. आपल्या सॉकेटमध्ये त्या पट्ट्यांना भेटायला काहीच नाही. म्हणजे धातूचं अंग, आत पाणी, आत १३००-१४०० वॅटचा हीटर आणि अर्थिंग शून्य. स्वस्तातल्या ॲडॉप्टरचंही बहुधा तेच. तो प्लग कापा आणि १६ अँपिअरचा तीन पिनांचा चांगला प्लग टॉप बसवा. हिरवी-पिवळी वायर मोठ्या पिनेला.

मग सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या. आपल्याकडे जांभा कोरडा पडला की जमिनीचा रोध फार वाढतो. मेमध्ये अर्थिंगचा खड्डा सुकला की कागदावरचं अर्थिंग कागदावरच राहतं. खड्ड्यात पाणी घालत राहायचं आणि मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा. नसेल तर पीआयडीचे पैसे आधी तिथे घाला.

आता पीआयडी करणाऱ्यांसाठी. त्यात हीटर चालू-बंद करायला एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो. दोन गोष्टी सांगतो.

सहा अँपिअर वाहतात तेव्हा एसएसआर स्वतः सात-आठ वॅट उष्णता सोडतो. दोन बाजूंच्या टेपने मशीनच्या पाठीला चिकटवलेले बघितलेत मी. ते चालणार नाही. धातूच्या अंगाला थर्मल पेस्ट लावून स्क्रूने आवळा. जागा बॉयलरपासून शक्य तितकी लांब.

दुसरी जास्त महत्त्वाची. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा "चालू" अवस्थेतच अडकतो. पीआयडी बंद म्हणत राहील आणि हीटर तापतच जाईल. अशा वेळी वाचवतो तो बॉयलरवरचा १८४ अंशांचा थर्मल फ्यूज. वायरिंग सोपं व्हावं म्हणून काही जण तो वगळतात. तो वगळू नका, हीटरच्या वाटेतच ठेवा. मशीन चालू ठेवून बाजारात जाऊ नका, आणि टायमर लावून पहाटे आपोआप चालू करायचं असेल तर हे सगळं दोनदा तपासल्याशिवाय नको.

आत हात घालण्याआधी प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. कित्येक बोर्डांवर फेज-न्यूट्रल उलटे असतात.

साळावली (मडगाव)

तारजोडदादा, माझा शुकोच आहे. उद्याच बदलून घेते.

काजूबोंड (पेडणे)

सगळं पटलं, एक सोडून. पीआयडी शेवटी का? माझ्या मते स्प्रिंगच्या आधी पीआयडी.

मशीनचा कॉफीचा थर्मोस्टॅट १०७ अंशांना हीटर तोडतो, वाफेचा १४५ ला. हे तापमान बॉयलरच्या भिंतीचं, पाण्याचं नाही. तोडल्यावर पुन्हा जोडेपर्यंत बॉयलर बराच खाली येतो. त्यामुळे मशीन तयार झाल्याचा दिवा लागल्याबरोबर काढलेला शॉट आणि पाच मिनिटांनी काढलेला शॉट वेगळ्या तापमानाला सुरू होतात. एक करपट, दुसरा आंबट. दळण तेच, वजन तेच. तापमान स्थिर नसेल तर बाकी काय जुळवलं हे कळणार कसं?

त्यात आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी २०० मिळाले तर ताकद तीन चतुर्थांशच राहते. पीआयडी हे बऱ्यापैकी सांभाळून घेतो, थर्मोस्टॅट नाही.

मांडवीकाठ (पणजी)

काजूबोंड, मुद्दा रास्त आहे. तरी क्रम बदलत नाही, कारण सांगते. थर्मोस्टॅटवर वेळ साधून शॉट काढता येतो. थोडं पाणी सोडायचं, तयार असल्याचा दिवा विझू द्यायचा, तो परत लागल्यावर रोज तेवढीच सेकंदं थांबून शॉट सुरू करायचा. रोज तीच कृती केली की तापमान रोज जवळपास तेच मिळतं, आणि त्याला खर्च नाही. दाब जास्त असेल तर मात्र कुठलीही कृती त्याला उतारा नाही. शिवाय स्प्रिंग बदलायला विजेला हात लावावा लागत नाही. ज्याने मशीन पहिल्यांदाच उघडलंय, त्याची सुरुवात तिथूनच व्हावी.

संध्याकाळच्या व्होल्टेजचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता, कारण पणजीत तेवढा त्रास नाही. पेडण्यात, सत्तरीत राहणाऱ्यांनी पीआयडी वर सरकवावा हे मान्य.

पीआयडी बसवणाऱ्यांना एक सांगते: सेन्सर जुन्या थर्मोस्टॅटच्या एम४ आट्यांतच बसवायचा, लोंबकळत किंवा चिकटवून नाही. आणि आकडा भिंतीचा आहे हे विसरायचं नाही. ग्रुपमधून (पोर्टाफिल्टर अडकवतो त्या तोंडातून) येणारं पाणी त्याहून बरंच थंड असतं. ९० ते ९६ अंश पाणी हवं म्हणून पीआयडीवर ९३ लावलं तर शॉट आंबट येणारच. थर्मोकोलच्या पेल्यात थर्मामीटर धरून प्रत्यक्ष पाणी मोजा आणि फरक नोंदवून ठेवा.

डिचोलीकर

पुढचा प्रश्न पंपाच्या डिमरचा. सुरुवातीला हळू पाणी सोडून कॉफी भिजवायची, मग ९ बार, शेवटी उतरवत न्यायचं. यासाठी घरच्या फॅनचा रेग्युलेटर लावला तर चालेल का? दुकानदार म्हणाला, चालेल.

तारजोड (फोंडा)

नाही चालणार, आणि कारण गमतीशीर आहे. हल्लीच्या पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, वीज त्यांच्यातून वाहते. व्हायब्रेशन पंपाच्या आत डायोड असतो, तो विजेची अर्धीच लाट घेतो. सेकंदाला ५० लाटा, ५० धक्के, म्हणून तो घरघराट. आता डायोडच्या वाटेत कपॅसिटर आला की तो एका बाजूने भरतो आणि रिकामा व्हायला रस्ताच नसतो. पंप थोडा थरथरून गप्प होतो. ट्रायॅकचा, गोल फिरवायचा डिमर लागतो, मोटरच्या भाराला चालणारा.

डिमर फक्त पंपाच्या वायरवर लावा. पंप आणि सोलेनॉइड एकाच स्विचवर असतात. दोघांवर डिमर आला तर सोलेनॉइडला पुरेसं बळ मिळत नाही, तो अर्धवट उघडतो आणि कॉइल तापते.

काजूबोंड (पेडणे)

मी गॅजियुइनो केलंय. मुक्त स्रोत म्हणून सुरू झालेला, याच मशीनसाठीचा प्रकल्प आहे, मायक्रोकंट्रोलर, प्रेशर सेन्सर, पडदा, सगळं. दाबाचा आलेख समोर दिसतो. हलक्या भाजणीच्या कॉफीला याने खरंच वेगळा दरवाजा उघडतो. ६ बारवर लांब काढलेला शॉट फळासारखा लागतो.

मांडवीकाठ (पणजी)

हलक्या भाजणीला मान्य. चिकमगळूरची मध्यम भाजणी किंवा रोबस्टा मिसळलेली कॉफी पिणाऱ्याला मात्र स्प्रिंग आणि चांगला ग्राइंडर एवढं पुरतं. अतिबारीक दळणाचा अट्टहासही सोडावा. २०२० मध्ये 'मॅटर' या शोधपत्रिकेत एस्प्रेसोवर एक गणिती अभ्यास आला होता. दळण एका मर्यादेपलीकडे बारीक केलं की पाणी सगळीकडून सारखं जात नाही, काही भाग कोरडाच राहतो आणि अर्क वाढायच्या ऐवजी घटतो, असं त्यात दाखवलंय. कॉफी थोडी कमी, दळण थोडं जाड, तर शॉट रोज सारखा येतो. आपल्या स्वयंपाकघरात बसून हे कोणालाही पडताळता येईल. तळ नसलेला पोर्टाफिल्टर लावा, पाणी कुठून फुटतंय ते डोळ्यांना दिसतं. फुटत असेल तर दाबण्याआधी पातळ सुयांनी पावडर ढवळून सारखी करा. ०.४ मिमीच्या सुया बाटलीच्या बुचात खोचल्या तरी भागतं.

रानमोगा (वाळपई)

दमट हवेचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे जुलैत पापडसुद्धा डब्यात मऊ पडतात. उन्हाळ्यात जुळवलेलं दळण पावसात चुकतं, हा माझा दर वर्षीचा अनुभव. बिया फ्रीझरमध्ये ठेवाव्यात का?

जांभ्याची_वाट (सांगे)

ठेवाव्यात, पण एकेका शॉटच्या मापाने, हवाबंद छोट्या नळ्यांत. आणि एकच नियम: थंड डबा उघडून परत आत ठेवायचा नाही. पावसाळ्यात थंड बियांवर हवेतलं पाणी लगेच दवासारखं बसतं. मोठी पिशवी दहादा आत-बाहेर केली तर फ्रीझरने बिया वाचण्याऐवजी भिजतील. एका शॉटची नळी काढली, लगेच दळली, तर काही होत नाही.

दळण्याआधी बियांवर पाण्याचा थेंब टाकायची जी पद्धत आहे ती स्थिर वीज मारण्यासाठी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तिची गरज नाही, हवाच ते काम करते. डिसेंबर-जानेवारीत करा. ग्राइंडर मात्र पावसाळ्यात आठवड्याला ब्रशने साफ करा. ओल धरलेली बारीक पावडर पात्यांवर चिकटून खवट होते आणि ताज्या कॉफीला वास लागतो.

साळावली (मडगाव)

माझी बेतालभाटीची बहीण विचारतेय: समुद्राजवळ घर आहे, क्लासिक घेऊन वर्ष झालं, आतली कनेक्शनं हिरवी पडलीत. फेकायचं का मशीन?

तारजोड (फोंडा)

अजिबात नाही. खारी हवा आहे, हिरवट होणारच. प्लग काढून ठेवा, मशीन पूर्ण थंड होऊ द्या. आधी सगळ्या जोडण्यांचे फोटो काढा. मग एकेक लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) ओढून बघा: हाताला सैल लागला किंवा प्लास्टिक तपकिरी झालेलं असेल तर तो कापून नवा, कथिल चढवलेला लग दाबून बसवायचा, पक्कडीने नव्हे, क्रिम्पिंगच्या हत्याराने. बॉयलरजवळच्या वायरी बदलायच्या झाल्या तर सिलिकॉनच्याच घ्या, साधी पीव्हीसी तिथे वितळते. फक्त वर हिरवं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सुकवून परत लावा. ग्रुपचा ॲल्युमिनियमचा गोल ठोकळा, शॉवरच्या जाळीमागचा, तोही काढून बघायला सांगा. पांढरी भुकटी धरली असेल तर त्याच मापाचा पितळी मिळतो.

बहिणीकडे मल्टिमीटर असेल तर मशीनचं अंग आणि प्लगची मोठी पिन यांच्यात रोध मोजायला सांगा. एक ओहमच्या आत यायला हवा. जास्त दाखवला तर मशीन लावू नका, आकडा इथे टाका, पुढचं सांगतो.